वाळूत पाय रुततो तेव्हा... वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात एका हॉकीवाल्या मुलाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की जमलं तर आठवड्यातून एखादा दिवस वाळूत सराव करून बघ, आणि झालं, त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की यावेळचं अख्खं सदर वाळूलाच द्यावं लागतंय. सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी स्वतः बरीच वर्षं हँडबॉल खेळले आणि आता संघांचा फिटनेस बघते, त्यामुळे खाली जे आहे त्यात थोडं वाचलेलं, थोडं बघितलेलं आणि थोडं स्वतःच्या चुकीतून शिकलेलं आहे.

प्रश्न: ताई, मी फुटबॉल खेळतो, मिडफिल्डला. कोच आम्हाला आठवड्यातून दोनदा वाळूत पळवतात. मैदानावर मी तासभर आरामात पळतो पण वाळूत वीस मिनिटांत जीभ बाहेर येते, आणि घड्याळात बघावं तर अंतर काहीच दिसत नाही. माझा स्टॅमिना कमी पडतोय का कोच उगाच छळतायत?

स्टॅमिना पण ठीक आहे आणि कोच पण ठीक आहेत. पुढच्या वेळी पळून झालं की मागे वळ आणि स्वतःच्याच पावलाचा ठसा जरा वाकून बघ. चवडा जिथे रुतला तिथे खड्डा दिसेल आणि त्याच्या मागे वाळूचा एक छोटा ढिगारा सरकलेला दिसेल. तो ढिगारा तू सरकवलायस. पुढे जायला म्हणून तू जमीन मागे ढकललीस, घट्ट जमीन असती तर ती जागची हलली नसती आणि सगळा जोर तुला पुढे न्यायला लागला असता, इथे वाळूच मागे गेली आणि तुझ्या जोरातला एक हिस्सा तिने खाल्ला. असं दर पावलाला.

दुसरी गोष्ट दिसत नाही पण ती जास्त महत्त्वाची आहे. घट्ट जमिनीवर पळताना टाचेच्या वरची ती जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, रबरासारखी ताणली जाते आणि परत सुटते, त्यामुळे प्रत्येक पावलाला थोडी शक्ती फुकटात परत मिळते. वाळूत पाय खाली जातच राहतो, जमिनीला टेकलेला वेळ वाढतो, ताणलेलं रबर हवं तेव्हा सुटत नाही आणि मग ते काम स्नायूंना स्वतः करायला लागतं. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी हे मोजून बघितलं होतं, तर त्याच वेगाने वाळूत पळायला घट्ट जमिनीपेक्षा साधारण १.६ पट ऊर्जा लागते आणि चालायला तर २.१ ते २.७ पट. हो, चालण्यात फरक जास्त येतो, मला पण पहिल्यांदा वाचल्यावर उलटं छापलंय की काय असं वाटलं होतं. पण खरं आहे.

आता घड्याळाचं. जीपीएस फक्त किती मीटर आणि किती वेगात एवढंच बघतं, पायाखाली काय आहे ते त्याला कळत नाही, त्यामुळे वाळूतलं सेशन त्याच्या हिशोबात नेहमी हलकंच दिसणार. माझं म्हणणं असं की वाळूच्या दिवशी अंतर बघूच नको. नाडीचे ठोके बघ, किंवा सगळ्यात सोपं, सेशन संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचार की ० ते १० मध्ये किती जड गेलं, आणि त्याला मिनिटांनी गुण. मैदानावर ६० मिनिटं आणि ५ म्हणजे ३००, वाळूत ३५ मिनिटं आणि ८ म्हणजे २८०, म्हणजे जवळजवळ तेवढंच झालं की. हा आकडा वहीत लिहीत जा आणि कोचला दाखव, कारण बऱ्याच कोचचं इथेच चुकतं, ते मैदानावरचा प्लॅन जसाच्या तसा उचलून वाळूत आणतात आणि मग आठवडाभर पोरं पाय ओढत फिरतात.

प्रश्न: मी बास्केटबॉल खेळते. वाळूत उड्या मारल्या की कोर्टवर उडी उंच जाते असं टीममधली एक मुलगी म्हणते. खरंय का?

अर्धं. वाळूत उडी मारलीस तर ती कोर्टपेक्षा कमीच जाणार, पायाखालचं सरकतंय म्हटल्यावर दुसरं काय होणार. आता त्या सरकत्या जमिनीवरून वर जायला मांडीला आणि कुल्ल्याच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो, तो जोर हळूहळू वाढतो पण, त्यामुळे फायदा होत नाही असं नाही. पण बास्केटबॉलमधली उडी बघ कशी असते, दोन पावलं, पटकन खाली दबायचं आणि लगेच वर. हे दबून लगेच सुटणं म्हणजे वर सांगितलेल्या रबराचं काम, आणि वाळू नेमकं तेच काढून घेते.

फुटबॉलपटूंवर ४ आठवड्यांचा एक अभ्यास झाला होता, २००८ मध्ये छापून आला, त्यात एका गटाने उड्यांचा व्यायाम गवतावर केला आणि दुसऱ्याने वाळूत. स्प्रिंट दोघांची सारखीच सुधारली. दबून मारायची उडी मात्र गवतावाल्यांची जास्त सुधारली. आणि वाळूवाल्यांचं अंग कमी दुखलं. मला यातलं सगळ्यात कामाचं हे शेवटचं वाक्य वाटतं, कारण सीझनच्या सुरुवातीला ज्यांना उड्यांची सवयच नाहीये त्यांना थेट लाकडी कोर्टवर पन्नास उड्या मारायला लावल्या की दुसऱ्या दिवशी निम्मी टीम गायब. तेव्हा सुरुवातीचे दोनतीन आठवडे उड्या वाळूत मार, उतरायचं कसं ते तिथे शीक, गुडघे आत वळू न देता, आणि मग कोर्टवर ये. कोर्टवरच्या उड्या मात्र कोर्टवरच कमवाव्या लागतील, मैत्रिणीला सांग.

प्रश्न: बूट घालून की अनवाणी?

सुरुवातीला बूट, जुने असले तरी चालतील. अनवाणी पळताना तळव्यातले आणि बोटांचे छोटे स्नायू खूप राबतात आणि ज्याचे पाय जन्मभर बुटात आहेत त्याचे ते स्नायू झोपलेले असतात. मी पोरांना आधी फक्त वॉर्मअप अनवाणी करायला लावते, पाच-दहा मिनिटं, मग बूट. दोनतीन आठवड्यांनी वेळ वाढवायचा. बीच व्हॉलीबॉल आणि बीच सॉकरवाले अनवाणी खेळतात हे खरं पण ते रोज तिथेच असतात. आणि अनवाणी उतरायच्या आधी जागा पायाने नाही, डोळ्यांनी आणि दाताळ्याने तपासा, काच, शिंपले, खिळे काय वाट्टेल ते निघतं. उन्हाची वाळू तर तव्यासारखी तापते, हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, नाही टेकवता आली तर पाय पण टेकवायचा नाही, सोपं आहे.

प्रश्न: ताई, मी हॉकी खेळते, टर्फवर. दोन वर्षं झाली नडगी दुखते, पळायला लागलं की सुरू आणि थांबलं की कमी. एका सीनियरने सांगितलं वाळूत पळ, मऊ असते, त्रास होणार नाही. माझ्या एका मैत्रिणीचा घोटा मुरगळला होता, ती पण विचारतेय.

या प्रश्नाला जरा वेळ देते कारण "वाळू मऊ, म्हणून सुरक्षित" हे वाक्य मी आजवर शंभर वेळा तरी ऐकलं असेल आणि ते अर्धवट आहे म्हणूनच त्रासदायक आहे.

पाय जमिनीवर आपटतो तेव्हा जो धक्का नडगीतून गुडघ्यात जातो तो वाळूत नक्की कमी होतो, कारण पाय एकदम न थांबता हळूहळू थांबतो. त्यामुळे नडगीचं, गुडघ्याचं, धक्क्यामुळे वाढणारं दुखणं असेल तर वाळू उपयोगी पडू शकते, म्हणजे एरवी तू पळालीच नसतीस, तिथे निदान पळता येतं आणि दम टिकून राहतो. पण धक्का कमी झाला म्हणजे भार कमी झाला असं नाही. तो फक्त दुसरीकडे गेला. वाळूत टाच खोल जाते, चवडा वर राहतो, म्हणजे पोटरी आणि अकिलीस आधीच ताणलेल्या असतात आणि त्याच ताणलेल्या अवस्थेतून त्यांना जोर मारायचा असतो. तळव्याखालचा पट्टा पण तसाच. आणि घोटा, तो तर पूर्ण वेळ डावीकडे उजवीकडे सावरत असतो, दर पावलाला जमीन वेगळी.

म्हणून कुणाचं अकिलीस दुखत असेल, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच टोचत असेल, पोटरी नुकतीच ताणली गेली असेल, तर वाळू सध्या नको. मैत्रिणीचा घोटा ताजा मुरगळलेला असेल तरी नको. सूज पूर्ण उतरली, एका पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट उभं राहता आलं, घट्ट जमिनीवर हळू पळता आलं, की मग वाळू त्याच घोट्यासाठी चांगला मास्तर आहे, आधी चालणं, मग एका पायावर तोल, मग हळू पळणं, या क्रमाने.

तुझ्याबद्दल एक वेगळी काळजी वाटते. दोन वर्षं नडगी दुखतेय आणि तू अजून कुणाला दाखवलं नाहीयेस का? नडगीवर बोटाने दाबत जा, दुखणं हाताएवढ्या लांबीत पसरलेलं असेल तर एक गोष्ट, पण एकाच रुपयाएवढ्या जागी नेमकं टोचत असेल, रात्री झोपेत पण दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते आणि तिथे वाळू, टर्फ, गवत काहीच चालत नाही, आधी विश्रांती. डॉक्टरला दाखव, फिजिओला दाखव, मग वाळूचं बघू. सीनियरला वाईट वाटलं तर वाटू दे.

प्रश्न: समुद्राकाठी ओली वाळू घट्ट असते, तिथे पळू का कोरड्या सैल वाळूत?

दोन्ही वेगळी कामं आहेत. ओली, दाबून बसलेली वाळू जवळजवळ मैदानासारखी वागते, लांब पळायचं असेल, वेग थोडा हवा असेल, नवीन असाल तर तिथून सुरुवात करा. सैल कोरड्या वाळूत छोट्या स्प्रिंट, उड्या, दिशा बदलणं.

पण ओल्या वाळूची एक खोडी आहे, ती पाण्याकडे उतरती असते. तुम्ही एकाच दिशेने चार किलोमीटर गेलात की एक पाय सतत खाली आणि एक वर, जणू एक पाय लांब आणि एक आखूड, आणि मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नाहीतर कमरेत दुखायला लागतं आणि कळतच नाही कशामुळे. जेवढं गेलात तेवढंच त्याच रेषेतून परत या. ओहोटीला पट्टा रुंद आणि सपाट मिळतो, वेळ बघून जा.

प्रश्न: मी १७ वर्षांचा आहे, रग्बी खेळतो. जुने मोठमोठे खेळाडू वाळूच्या टेकड्या चढायचे असं वाचलंय, मला पण तसंच करायचंय, रोज. काय करू?

रोज करू नकोस, एवढं आधी सांगते.

बाकी तू वाचलंयस ते खरं आहे. ऑस्ट्रेलियाचा हर्ब एलियट, पर्सी सेरुटी नावाच्या त्याच्या जरा विक्षिप्तच कोचकडे पोर्टसीला वाळूच्या टेकड्या चढायचा, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरला ३ मिनिटं ३५.६ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. पण तो मध्यम पल्ल्याचा धावपटू, त्याला कुणाला टॅकल करायचं नव्हतं. तुझ्या खेळाच्या जवळचा म्हणशील तर अमेरिकन फुटबॉलमधला वॉल्टर पेटन, शिकागो बेअर्सकडून खेळायचा, तो मिसिसिपीत आपल्या गावाजवळ नदीकाठच्या वाळूच्या चढावर पळायचा आणि १३ सीझनमध्ये त्याने एकच मॅच चुकवली. आता ते वाळूमुळे का मुळातच तो तसा होता म्हणून, हे कोण सांगणार. शंभर पोरं त्या चढावर पळाली असतील, त्यातला एक आपल्याला माहीत झाला.

तू काय कर, आठवड्यातून एकदा, १० ते १५ सेकंद लागतील एवढाच चढ घे, सहा वेळा, खाली येताना चालत ये आणि पुढचा चढ धाप पूर्ण बसल्यावरच. चढताना पावलं आखूड, हात जोरात, नजर टेकडीच्या माथ्यावर न ठेवता चारपाच पावलं पुढे. सहावी फेरी पहिलीपेक्षा फारच रेंगाळली तर तिथे थांब. खाली पळत येऊ नको, पाय अडकून तोंडावर पडशील ते वेगळंच. आणि वाळूची टेकडी चढून तुझा टॉप स्पीड वाढणार नाही, चढाला कोणी टॉप स्पीडला जातच नाही, पहिल्या पाच-दहा मीटरचा जोर वाढेल, जो रग्बीत लागतोच. टॉप स्पीडसाठी ताज्या पायांनी, घट्ट मैदानावर, वेगळ्या दिवशी पळावं लागेल.

प्रश्न: नमस्कार ताई, मी १९ वर्षांखालच्या मुलींच्या हँडबॉल संघाचा कोच आहे. सीझनला ८ आठवडे आहेत. मागच्या वर्षी गुडघ्यांच्या तक्रारी खूप होत्या म्हणून यंदा सगळं प्रीसीझन वाळूतच करावं असं मनात आहे. आपलं मत कळवावं.

सर, कृपा करून असं करू नका. मी केलंय म्हणून सांगते.

मी नवीन नवीन ट्रेनर झाले होते, अशाच एका मुलींच्या संघाबरोबर. वाळूबद्दल कुठेतरी वाचलं, डोक्यात एकदम प्रकाश पडला, आणि सहा आठवडे मी त्या पोरींना कोर्टचं तोंड दाखवलं नाही. सगळं वाळूत, पळणं, उड्या, पास, तीनास तीन मॅच. दम जबरदस्त वाढला, कुणाचा गुडघा कुरकुरला नाही, अंग दुखत नाही, पोरी खुश, मॅनेजर खुश, मी तर हवेतच. मग पहिली सराव मॅच लाकडी कोर्टवर. पहिला हाफ भारी गेला. दुसऱ्या हाफला एकीने फास्ट ब्रेकवरून, म्हणजे बॉल मिळताच झटकन केलेल्या चढाईतून, वळताना मांडीच्या मागे हात लावला आणि खाली बसली. दहा मिनिटांनी दुसरी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या जिन्यात बघते तर बाकीच्या पोरी कठडा धरून उलट्या उतरतायत, तोंड भिंतीकडे, एकेक पायरी, कारण सरळ उतरायला मांड्या तयारच नव्हत्या. तो जिना अजून डोळ्यासमोर आहे.

काय झालं होतं ते नंतर कळलं. घट्ट कोर्टवर जोरात पळताना ब्रेक मारतो तेव्हा स्नायू लांब होत होत जोर लावत असतो, मांडीची पुढची बाजू, मागची बाजू, पोटरी सगळे. स्नायूला सगळ्यात जास्त दुखवणारं काम हेच आणि त्याची सवय सुद्धा तेच काम करून होते, दुसऱ्या कशाने नाही. वाळूत ब्रेक मारावाच लागत नाही, पाय रुतला की माणूस आपोआप थांबतो, वाळूच ब्रेक. म्हणून तर अंग दुखत नव्हतं! मी ज्याला फायदा समजत होते तोच खड्डा होता. सहा आठवडे इंजिन मोठं केलं आणि ब्रेक तसेच ठेवले.

पण म्हणून वाळू टाकून पण देऊ नका. संघ-खेळाडूंवर ८ आठवड्यांच्या प्रीसीझनचा एक ऑस्ट्रेलियन अभ्यास आहे, त्यात काही सेशन वाळूत करणाऱ्या गटाची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप, गवतावर तेच करणाऱ्या गटापेक्षा जास्त वाढली होती. काही सेशन, सगळी नाही, एवढं लक्षात ठेवा. मी आता ८ आठवडे असतील तर पहिल्या आठवड्यात एकच वाळूचं सेशन घेते, २० मिनिटांचं, अर्धं चालण्यात आणि तोलाच्या व्यायामात जातं. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दोन सेशन, ३० ते ४० मिनिटं, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर. पण कोर्ट पहिल्या दिवसापासून चालूच, थोडं का होईना, आणि त्यात मुद्दाम ब्रेक मारायचा सराव, आधी अर्ध्या वेगातून थांबणं, मग पाऊण, मग पूर्ण. पाचव्या-सहाव्याला वाळूचं एक सेशन कमी आणि कोर्टवरचं वळणं-थांबणं वाढवायचं. शेवटचे दोन आठवडे कोर्टच, वाळू फक्त ज्या मुलीचा गुडघा कुरकुरतोय तिच्यासाठी, तिचा दम टिकावा म्हणून.

वाळूत घ्यायचं काय, तर १० मीटरच्या स्प्रिंट, सहा ते आठ, प्रत्येकीनंतर चांगली एक-दीड मिनिट विश्रांती. मैदानापेक्षा विश्रांती जास्त द्या, नाहीतर तिसऱ्या स्प्रिंटनंतर ते नुसतं ओढत चालणं होतं. एका पायावर उतरणं. गोलकीपरला बाजूला झेपा घ्यायला लावा, कोर्टवर जी मुलगी पडायला घाबरते ती वाळूत बिनधास्त पडते आणि पडायचं तंत्र तिथेच बसतं. आणि शेवटी छोट्या जागेत चारास चार मॅच. तुमचा खेळ हाताचा आहे म्हणून बॉलची अडचण नाही, फक्त ड्रिबल काढून टाका, बॉल उसळतच नाही. पास आणि पळ. पोरी हसत हसत इतक्या दमतात की शिट्टी वाजवून थांबवावं लागतं. गुडघ्यांसाठी मात्र वाळूपेक्षा मांडीची आणि कुल्ल्याची ताकद वाढवणं, उतरायचं तंत्र सुधारणं याने जास्त फरक पडेल, त्यावर वेगळं पत्र लिहा, सविस्तर सांगते.

प्रश्न: आमच्याकडे समुद्र नाही, नदी नाही. क्लबच्या आवारात एक कोपरा मोकळा आहे, तिथे वाळूचा हौद करता येईल का? किती खोल लागेल?

येईल की. आधी आसपास लांब उडीचा खड्डा असेल तर तो मागून बघा, मऊ वाळूत उतरणं, उभ्याने उड्या, तोल, एवढं सगळं त्यात होतं. स्वतःचाच करायचा तर बीच व्हॉलीबॉलच्या कोर्टला निदान ४० सेंटिमीटर खोल वाळू लागते, तेवढं धरा. त्याहून कमी केलंत तर पाय खालच्या घट्ट तळाला लागतो आणि मग ना धड वाळू ना धड जमीन. व्हॉलीबॉलचं कोर्ट १६ बाय ८ मीटर असतं, तेवढं जमलं तर एक संघ आरामात मावतो, नाही जमलं तर १५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पट्टा केला तरी स्प्रिंट होतात, फक्त तो संपल्यावर थांबायला पुढे मोकळी जागा ठेवा, भिंत नको.

खाली पाणी निघून जायची सोय करा, खडी आणि वर पाणी झिरपणारं कापड, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात हौदाची चिखलाची डबकी होईल. वाळू धुतलेली, गोलसर दाण्यांची घ्या. बांधकामाची न धुतलेली वाळू आणली की तिच्यात बारीक धूळ असते, ती धापा टाकताना थेट छातीत जाते, आणि टोकदार दाणे कातडी सोलतात. कडा लाकडाच्या किंवा सिमेंटच्या असतील तर त्यावर रबर बसवा. आणि रात्री झाकायला ताडपत्री पाहिजेच, हे लोक विसरतात, मांजरं-कुत्री उघडी वाळू म्हणजे आपल्यासाठीच केलीय असं समजतात आणि त्या घाणीतून जंत अनवाणी पायांच्या कातडीत शिरू शकतात. दर आठवड्याला दाताळं फिरवायचं, दबलेली वाळू खालीवर करायची, कोणाची पाळी आहे ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत कोणीच करत नाही.

प्रश्न: कबड्डी खेळतो, मॅटवर. रविवारी मॅच झाली की सोमवारी कोच वाळूत हलकं पळवतात, म्हणतात अंग मोकळं होतं. बरोबर आहे का?

हलकं म्हणजे किती ते बघावं लागेल. वाळूत नव्याने अंग दुखत नाही, धक्का नाही, म्हणून कोचचा विचार चुकीचा नाही. पण वर सांगितलं ना, तेच अंतर वाळूत पळायला बरीच जास्त ऊर्जा जाते, आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशी तुमची टाकी आधीच रिकामी असते. पंधरा मिनिटं वाळूत चालणं, थोडं पाय हलवणं, एवढ्याने काम होतं. पळताना बोलता येत नसेल, वाक्य तुटत असेल, तर ते हलकं राहिलेलं नाही. रेडरला मॅचमध्ये पोटरीत गोळा आला असेल तर त्याने सोमवारी वाळूत उतरायचंच नाही, बुधवारी बघू.

प्रश्न: वाळूत झेपा टाकून कोपरं सोलवटली आहेत आणि डोळ्यात पण जाते. काही उपाय?

पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट घाल. सोलवटलेलं आधी वाहत्या पाण्याने धू, एकही कण आत राहू देऊ नको, मग झाकून ठेव आणि भरेपर्यंत झेपा बंद. डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, चोळलं की कण बुबुळावर ओरखडे काढतो, स्वच्छ पाण्याची बाटली नेहमी बाजूला ठेव आणि पापणी उघडी धरून पाणी सोड. तासाभराने पण खुपत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. आणि बॅग घरात नेण्याआधी बाहेर झटक, मी नाही झटकली तर आमच्याकडे अजूनही बोलणी बसतात.